अहो मस्यू लाफोन

सुमती कारखानीस यांनी डोंबिवलीतल्या एका शाळेत एकतीस वर्षं फ्रेंच शिकवलं. दहावीला फ्रेंच घेतलं की मार्क चांगले पडतात, एवढ्याच कारणासाठी पोरं त्यांच्या वर्गात यायची आणि निकाल लागला की सगळं विसरून जायची. सुमतीबाईंना त्याचं वाईट वाटायचं. त्यांचं स्वतःचं व्याकरण असं पक्कं, की बोट ठेवायला जागा नाही. पण फ्रान्सशी प्रत्यक्ष संबंध काय, तर एकदा यात्रा कंपनीबरोबर पॅरिसला अडीच दिवस. तेवढ्यात त्या एकच वाक्य फ्रेंचमध्ये बोलल्या, तेही हॉटेलातल्या मुलीशी. मुलगी रुमानियाची निघाली आणि तिने इंग्रजीत उत्तर दिलं.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्यांची जुनी विद्यार्थिनी हेमांगी पेढे घेऊन आली. तिने माजिवड्याला लहानसं ऑफिस थाटलं होतं. काम ऐकून सुमतीबाईंचे पती गुरुदत्त पेपर खाली ठेवून सरसावून बसले. हेमांगीचं म्हणणं असं, की इंग्लंडमधली बरीच माणसं म्हातारपणी फ्रान्सच्या खेड्यात घर घेऊन राहतात. ऊन चांगलं, घर मोठं, हवा शांत. फक्त भाषा येत नाही. मग गटार तुंबलं, गाडीचा परवाना बदलायचा आला, सरपणाची गाडी आली नाही, की ती अडकतात. त्यांनी फोन करायचा, आपण मध्ये बसून इंग्रजीचं फ्रेंच आणि फ्रेंचचं इंग्रजी करून द्यायचं. भाड्याची जागा माजिवड्याला असली तरी बाईंनी घरूनच काम करायचं होतं.

"पण बाई, एकच नियम," हेमांगी म्हणाली. "जो जे बोलेल तेच सांगायचं. पदरचं काही घालायचं नाही."

सुमतीबाईंनी मान डोलावली. त्यांनी आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या होत्या. पदरचं घालणाऱ्या मुलांचे गुण त्यांनीच कापले होते.

काम सुरू झालं. आपल्याकडे दुपारचे दीड-दोन वाजले की फ्रान्समधली खेडी जागी व्हायची. सुमतीबाई बेडरूमच्या खिडकीपाशी टेबल लावून, कानाला हेडफोन चढवून बसायच्या. पहिल्या आठवड्यातच त्यांना कळलं, की या इंग्रज माणसांच्या अडचणी फार लांबच्या नाहीत. एका बाईंना रहिवासाचा कागद हवा होता. त्यासाठी वीजबिल हवं, वीजबिल नावावर व्हायला रहिवासाचा कागद हवा. बाई फोनवर रडकुंडीला आल्या. सुमतीबाईंनी त्यांना शांतपणे सांगितलं, की प्रत्येक कागदाच्या तीन प्रती काढा, जन्माचा दाखला मागितला नसला तरी न्या, आणि खिडकीतल्या माणसाला आधी नमस्कार करा. एका गृहस्थांना नळातून गढूळ पाणी येत होतं आणि तिथल्या पंचायतीचं ऑफिस फक्त मंगळवारी सकाळी उघडायचं. त्यावर गुरुदत्त मागून म्हणाले, टँकर मागवायला सांग. ते स्वतः सोसायटीचे अध्यक्ष होते आणि पाण्याचा प्रश्न निघाला की त्यांना बोलल्याशिवाय राहवत नसे.

दुपारी बारा ते दोन फ्रान्समध्ये कोणीही फोन उचलत नाही. सगळा देश जेवायला बसतो. आपल्याकडे तेव्हा साडेचार ते साडेसहा. सुमतीबाईंना ते फार सोयीचं पडलं. फ्रान्स जेवायला बसलं की त्या पिशवी घेऊन फडके रोडला निघायच्या आणि फ्रान्स हात धुऊन उठेपर्यंत भाजी, कधी कोलंबी घेऊन परत यायच्या.

नोव्हेंबरात त्यांच्याकडे डेरेक आणि पॉलीन हार्ग्रीव्हज आले. म्हणजे त्यांचे फोन आले. डेरेक लीड्सला बसगाड्यांच्या डेपोत मुख्य मेकॅनिक होता, पॉलीन शाळेत ग्रंथपाल. ब्रुसाक नावाच्या दोनशे वस्तीच्या गावात त्यांनी दगडी घर घेतलं होतं. येऊन आठ महिने झाले होते आणि गावातलं कोणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. पाववाली हसत नव्हती, पोस्टमन फाटकाबाहेरूनच पत्रं फेकायचा. पण खरं भांडण शेजाऱ्याशी होतं. शेजारी म्हणजे मस्यू, आपल्याकडचे श्रीयुत, लाफोन, वय ब्याऐंशी, एकटा राहणारा शेतकरी. तो रोज सकाळी आपला ट्रॅक्टर नेमका हार्ग्रीव्हजांच्या फाटकासमोर आणून उभा करायचा आणि चावी खिशात घालून घरी जायचा.

सुमतीबाईंनी आधी नवराबायकोला नीट विचारून घेतलं. हा ट्रॅक्टर कधीपासून? पॉलीन म्हणाली, मेपासून. मेमध्ये काय झालं होतं? काही नाही, डेरेकने हिरवळ लावली. कुठे? भिंतीच्या कडेला एक चर होता, तो मातीने बुजवून त्यावर.

हे ऐकल्यावर सुमतीबाईंना पुढचं विचारायची गरज उरली नाही. नाला बुजवला की पाणी कुठे जातं, हे डोंबिवलीच्या बाईला कोणी सांगायला नको. लाफोनच्या कोबीच्या वाफ्यात गेलं असणार.

"आणि तुम्ही त्यांच्याशी बोललात तेव्हा कसं बोललात?" त्यांनी विचारलं.

डेरेक अभिमानाने म्हणाला, की तो मोबाइलवरून फ्रेंच शिकलाय, स्वतःच बोलला. त्याने ती वाक्यं म्हणूनही दाखवली. सुमतीबाईंनी डोळे मिटून घेतले. फ्रेंचमध्ये तू म्हणजे 'त्यू' आणि तुम्ही म्हणजे 'व्हू'. इंग्रजांकडे दोघांना एकच शब्द. मोबाइलने डेरेकला 'त्यू' शिकवलं होतं. म्हणजे हा गृहस्थ सहा महिने ब्याऐंशी वर्षांच्या शेतकऱ्याला कुंपणावरून 'अरे लाफोन, तुझा ट्रॅक्टर काढ' असं सांगत होता. पाववालीलाही तेच, पोस्टमनलाही तेच. दुकानात शिरताना नमस्कारही नाही, सरळ 'दोन पाव दे'.

संध्याकाळी त्यांनी हे गुरुदत्तांना सांगितलं. ते लग्न झाल्यापासून बायकोला 'अगं सुमे' म्हणत आणि तिच्याकडून 'अहो' ऐकत आले होते. त्यांना काही त्यात मोठंसं वाटलं नाही. भाषा येत नाही म्हटल्यावर माणूस चुकणारच, असं त्यांचं मत पडलं. सुमतीबाई म्हणाल्या, "समोरच्या पोपटरावांनी उद्या तुम्हाला 'ए गुर्‍या, मोटर बंद कर' म्हटलं तर?" गुरुदत्त टाकीत पाणी किती आहे ते बघायला गच्चीवर गेले.

दोन दिवसांनी डेरेकने फोन लावला. आपल्याकडे साडेतीन, तिकडे सकाळचे अकरा. त्याने फोनचा आवाज मोठा केला, फोन दगडी भिंतीवर ठेवला आणि लाफोनना हाक मारली. सुमतीबाईंना बुटांचा आवाज ऐकू आला, मग कोणीतरी घसा खाकरला.

"या म्हाताऱ्या बोकडाला सांगा," डेरेक इंग्रजीत म्हणाला, "की उद्यापर्यंत ट्रॅक्टर हलला नाही तर मी कोर्टात जाईन."

सुमतीबाईंनी तोंड उघडलं. नियम त्यांना पाठ होता. बोकडाला फ्रेंच शब्दही त्यांना येत होता. पण पस्तीस वर्षं त्यांनी घरी हेच काम केलं होतं. गुरुदत्त सोसायटीच्या सभेत एखाद्याला 'तुम्हाला अक्कल आहे का' असं विचारून घरी यायचे आणि सुमतीबाई दुसऱ्या दिवशी जिन्यात त्या माणसाच्या बायकोला सांगायच्या, की यांना तुमच्या मिस्टरांचं मत फार महत्त्वाचं वाटतं हो. जिभेला वळणच तसं पडलं होतं.

"नमस्कार, मस्यू लाफोन," त्या फ्रेंचमध्ये म्हणाल्या. "मस्यू हार्ग्रीव्हज आपल्याला विचारतात, की त्यांनी चर बुजवला त्याने आपल्या कोबीचं फार नुकसान झालं का. आपण वेळ काढून ती जागा त्यांना दाखवाल, तर त्यांच्यावर उपकार होतील."

मग लाफोन बोलायला लागले. खर्जातला, सावकाश आवाज. त्यांनी सांगितलं, की हा इंग्रज गाढव आहे, त्याला पाणी उताराकडे जातं एवढंही कळत नाही, आणि असल्या माणसाला बसगाड्या दुरुस्त करायला देणाऱ्या देशाची मला कीव येते.

"ते म्हणतात," सुमतीबाईंनी डेरेकला इंग्रजीत सांगितलं, "तुम्ही मेकॅनिक होता हे त्यांना माहीत आहे. उताराचा काहीतरी प्रश्न आहे, तुम्हीच येऊन बघितलंत तर बरं होईल."

डेरेकने विचारलं, की म्हाताऱ्याला बसगाड्यांचं कसं माहीत. पॉलीन मागून म्हणाली, गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं. आणि डेरेक भिंतीला वळसा घालून खरोखरच पलीकडे गेला.

कोबीच्या वाफ्यात घोट्याएवढा चिखल होता. ते पाहिल्यावर डेरेकचा आवाज बदलला. त्याच आठवड्यात त्याने हिरवळ उखडून चर पुन्हा खणला. ट्रॅक्टर दोन हात सरकला. सगळा नाही, पण गाडी बाहेर निघेल एवढा. पॉलीनला सुमतीबाईंनी दुकानात शिरताना 'बाँजूर मादाम', म्हणजे नमस्कार बाई, म्हणायला शिकवलं, तर पाववालीने दुसऱ्याच दिवशी तिला नाव विचारलं. सुमतीबाई खूश होत्या. मनात मात्र थोडं खुपत होतं. आपण विद्यार्थिनीला दिलेला शब्द मोडलाय, हे त्या विसरल्या नव्हत्या.

डिसेंबरात पुन्हा भिंतीपाशी फोन लागला. या वेळी चर नेमका कुणाच्या हद्दीत येतो, असा प्रश्न होता. डेरेक पुन्हा तापला होता. सुमतीबाईंनी पुन्हा दोन्हीकडचं निवळून दिलं. शेवटी डेरेक जमिनीचा नकाशा आणायला घरात गेला आणि फोन भिंतीवरच राहिला.

"मादाम," लाफोन फोनजवळ येऊन म्हणाले. "तो आत गेलाय. मला तुम्हाला एक सांगायचंय. मी तरुणपणी अकरा वर्षं पोर्ट्समथला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात होतो. मला इंग्रजी येतं."

सुमतीबाईंच्या हातातलं पेन टेबलावरून घरंगळून खाली गेलं.

"म्हणजे आपल्याला सगळं..."

"बोकड पहिल्या दिवशी होता. आज त्याने मला रिकामी कवटी म्हटलं."

सुमतीबाईंनी क्षमा मागायला सुरुवात केली. लाफोननी त्यांना थांबवलं. इंग्रजी येत असताना आपण बोलत का नाही, हे त्यांनी सांगितलं. माझ्या अंगणात येणाऱ्याने माझ्या भाषेत बोलावं, चुकत बोलला तरी चालेल, पण मला अरेतुरे करू नये. एवढीच माझी अट. आणि मग ते म्हणाले, की दुसरंही एक कारण आहे.

"तुमचं फ्रेंच ऐकायला मी थांबतो. 'आपण वेळ काढून दाखवाल तर' हे तुम्ही पहिल्या दिवशी ज्या रूपात म्हणालात, ते क्रियापदाचं रूप मी साठ वर्षांत कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. गावातल्या आमच्या शाळेच्या बाई तसं बोलायच्या. आता पुस्तकातही सापडत नाही. तुम्ही कुठल्या गावच्या?"

"डोंबिवली," सुमतीबाई म्हणाल्या.

"ते कुठे आलं?"

"कल्याणच्या अलीकडे," त्या म्हणाल्या. डेरेक नकाशा घेऊन आला. उरलेल्या वेळात सुमतीबाईंनी शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं, आणि सुदैवाने त्या दिवशी दोघांनीही फार वाईट काही म्हटलं नाही.

फोन ठेवल्यावर त्यांनी हेडफोन काढला. एकतीस वर्षं त्यांनी ते रूप फळ्यावर लिहिलं होतं. परीक्षेला येत नाही म्हणून मुलं ते वहीत उतरवूनही घेत नसत. ते जगात कुणाच्या तरी कानाला गोड लागतं, हे त्यांना आज साठीनंतर कळत होतं. डोळ्यात पाणी आलं आणि लगेच हसूही आलं, कारण ते रूप त्यांनी एका खोट्या वाक्यात वापरलं होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी हेमांगीला फोन करून सगळं सांगितलं. हेमांगी आधी हसली, मग गंभीर झाली. गिऱ्हाइकाला सांगावं लागेल, असं म्हणाली. सुमतीबाईंनी हार्ग्रीव्हजांना स्वतःच पत्र लिहिलं. तुम्ही काय म्हणालात, मी काय सांगितलं, ते काय म्हणाले, मी काय सांगितलं, सगळं ओळीने. लाफोनना इंग्रजी येतं हे मात्र लिहिलं नाही. ते गुपित त्यांचं नव्हतं.

पॉलीनचं उत्तर आलं, की वाचून ती पोट धरून हसली. डेरेकचं उत्तर वेगळं आलं. आपल्याला कोणीतरी न विचारता शहाणं करून सोडलंय, याचा त्याला राग होता. त्याने दुसरा दुभाषी मागितला.

हेमांगीने ते काम अद्वयला दिलं. अद्वय चोवीस वर्षांचा, ठाण्याचा, त्याचं फ्रेंच झकास आणि चालू जमान्यातलं. तो नियमाला पक्का. पहिल्याच फोनवर डेरेक जे म्हणाला ते त्याने जसंच्या तसं लाफोनना सांगितलं आणि लाफोन जे म्हणाले ते जसंच्या तसं डेरेकला. शिवाय लाफोनना तो सरळ 'त्यू' म्हणाला. त्याच्या वयाची मुलं फ्रान्समध्ये एकमेकांशी तसंच बोलतात, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या सकाळी ट्रॅक्टर फाटकाला इतका चिकटून उभा राहिला, की पॉलीनला पाव आणायला भिंतीवरून उतरावं लागलं. अद्वयने सुमतीबाईंना फोन करून विचारलं, "मॅम, मी काही चुकलो का? मी तर एक शब्द बदलला नाही."

"नाही रे, तू बरोबरच केलंस," सुमतीबाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं. म्हणून तर त्या दोन रात्री तळमळल्या. निवळून सांगावं तर ती लबाडी, जसंच्या तसं सांगावं तर ट्रॅक्टर.

जानेवारीत पॉलीनचा फोन आला. दुभाषी नको, शिक्षिका हवी, असं ती म्हणाली. डेरेकसुद्धा बसेल. तो कबूल करणार नाही, पण भिंतीवरून उतरताना त्याचा गुडघा दुखावलाय.

आठवड्यातून तीनदा शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी डेरेक कॅमेऱ्यासमोर हाताची घडी घालून बसला होता. सुमतीबाईंनी त्याला व्याकरण सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, की डेपोत तुमच्या हाताखाली नवीन आलेला मुलगा तुम्हाला पहिल्याच दिवशी 'ए डेरेक' म्हणाला असता तर तुम्ही काय केलं असतं? डेरेक म्हणाला, त्याला महिनाभर टायर धुवायला लावले असते.

"मस्यू लाफोन तुम्हाला आठ महिने टायर धुवायला लावतायत," सुमतीबाई म्हणाल्या. "म्हणा, व्हू."

"व्हू," डेरेक म्हणाला. मग त्याने घडी सोडली आणि वही उघडली.

तो विद्यार्थी म्हणून सुमतीबाईंच्या सगळ्या दहावीच्या पोरांपेक्षा मठ्ठ निघाला. पण त्याला गरज होती आणि ती पोरांना कधीच नव्हती. चुका करायचा, स्वतःवर चिडायचा, पॉलीनशी भांडायचा आणि दुसऱ्या दिवशी वही भरून आणायचा. सुमतीबाईंनी त्याला जुनं, पुस्तकी फ्रेंचच शिकवलं. दुसरं त्यांना येतच नव्हतं. पंधरा दिवसांनी तो सकाळी फाटकापाशी गेला, टोपी काढली आणि पाठ केलेलं वाक्य म्हणाला: अहो मस्यू लाफोन, आपल्याला त्रास होणार नसेल तर ट्रॅक्टर थोडा बाजूला घ्याल का? लाफोननी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्यांनी खिशातून चावी काढली.

मार्चमध्ये एका दुपारी शिकवणी चालू असताना मागून करवतीचा आवाज आला. डेरेक खिडकीकडे धावला. त्याच्या बाजूला झुकलेली अक्रोडाची फांदी लाफोन कापत होते आणि डेरेकला ती सावलीसाठी हवी होती. तो फोन हातात घेऊनच बाहेर पडला आणि भिंतीवर ठेवून दिला. सुमतीबाई काही बोलणार तेवढ्यात त्याने हात वर करून त्यांना थांबवलं.

मग त्याने स्वतःच भांडायला सुरुवात केली. अडखळत, घाम पुसत, पण फ्रेंचमध्ये. आपण ही फांदी कापता हे मला मुळीच पसंत नाही. आपण मला आधी विचारायला हवं होतं. लाफोन शिडीवरून म्हणाले, की झाड माझं आहे, आपण कोण विचारणार. डेरेक म्हणाला, सावली माझी आहे. आवाज चढले. एका वाक्यात डेरेकने क्रियापद चुकवलं. लाफोन करवत थांबवून त्याला म्हणाले, ते तसं नाही, असं. डेरेकने वाक्य दुरुस्त करून पुन्हा म्हटलं आणि पुढचं भांडण चालू केलं.

गुरुदत्त चहाचे कप घेऊन खोलीत आले. फोनमधला आरडाओरडा ऐकून त्यांनी विचारलं, "काय चाललंय तिकडे?"

"भांडतायत."

"मग तू सांग ना काहीतरी. तुला जमतं ते."

"नको," सुमतीबाई म्हणाल्या. त्यांनी आपल्या बाजूचा आवाज बंद केला, चहाचा कप जवळ ओढला आणि त्या ऐकत बसल्या.